सर्व्हर व्हर्च्युअलायझेशन: कोणते काम आधी, कोणते नंतर

नवा व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे खऱ्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभा केलेला आभासी सर्व्हर) तयार करायला पाच मिनिटे पुरतात, म्हणून तो आधी तयार होतो. क्षमतेचा हिशेब, बॅकअप आणि बिघाडाची चाचणी ही वेळखाऊ कामे मागे पडतात आणि पहिला होस्ट (व्हीएम ज्यावर चालतात तो खरा सर्व्हर) बंद पडेपर्यंत कोणाला आठवत नाहीत. व्यवसायाच्या डेटा सेंटरमध्ये दोन ते दहा होस्टचा क्लस्टर (एकत्र काम करणारा गट) सांभाळणाऱ्यांकडून चुका होतात त्या तंत्र न कळल्यामुळे क्वचितच. बहुधा कामांचा क्रम उलटा लागलेला असतो. पुढील टप्पे त्या क्रमासाठी आहेत. हायपरव्हायजर, म्हणजे होस्टवर व्हीएम चालवणारे सॉफ्टवेअर, व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर संचातील ईएसएक्सआय असो, मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही असो की लिनक्सच्या केव्हीएमवर चालणारा प्रॉक्समॉक्स, क्रम बदलत नाही. जेथे फरक पडतो तेथे तसे नमूद केले आहे.

## टप्पा १: आहे त्याची मोजदाद

प्रत्येक जुन्या सर्व्हरवर किती कोर आणि किती मेमरी आहे याची यादी बहुतेक जण करतात. ती यादी पुरेशी नाही, कारण सर्व्हरमध्ये काय बसवले आहे आणि त्यातले काय वापरले जाते यांत मोठे अंतर असते. प्रोसेसरचा वापर, मेमरीचा वापर, डिस्कवरील प्रतिसेकंद वाचन-लेखन आणि नेटवर्कचा भार या चारही गोष्टी किमान एक महिना नोंदवाव्यात. महिना यासाठी की हिशेबाची प्रणाली एरवी झोपलेली असते आणि महिनाअखेरीच्या दोन दिवसांत सगळा भार येतो. आठवड्याच्या मोजणीत तो दिसतच नाही.

याच यादीत प्रत्येक सर्व्हरपुढे तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. हा बंद असल्यास काम किती वेळ थांबून चालेल? किती वेळाचा डेटा गमावला तर चालेल? याचा परवाना कशाला बांधलेला आहे? तिसऱ्या प्रश्नाकडे हमखास दुर्लक्ष होते. काही सॉफ्टवेअरचा परवाना नेटवर्क कार्डाच्या मॅक पत्त्याला (कार्डाच्या हार्डवेअर क्रमांकाला), काहींचा यूएसबी डोंगलला (परवान्याची किल्ली असलेल्या छोट्या उपकरणाला) बांधलेला असतो आणि सर्व्हर व्हीएममध्ये नेताच ते चालायचे थांबते. विंडोज सर्व्हरचा परवाना कोरवर मोजला जातो: प्रत्येक प्रोसेसरमागे किमान ८ आणि प्रत्येक सर्व्हरमागे किमान १६ कोर. स्टँडर्ड आवृत्तीत पूर्ण परवाना घेतलेल्या सर्व्हरवर दोन व्हीएम चालवता येतात, डेटासेंटर आवृत्तीत कितीही. व्हीएम ज्या ज्या होस्टवर जाऊ शकतो त्या सर्वांचा विचार परवान्यात करावा लागतो, हे खरेदीनंतर कळले तर अंदाजपत्रक कोलमडते.

तपासा: यादीतील प्रत्येक सर्व्हरला एक जबाबदार व्यक्ती आहे का? ज्याला कोणीच मालक नाही तो स्थलांतराआधी बंद करण्याच्या यादीत टाकावा.

## टप्पा २: क्षमतेचा हिशेब, एक होस्ट वजा करून

समजा, चार होस्ट आहेत आणि प्रत्येकात १६ कोरचे दोन प्रोसेसर व ५१२ जीबी मेमरी आहे. एकूण १२८ कोर आणि २०४८ जीबी. बहुतेकांचा हिशेब इथेच थांबतो आणि ते १८०० जीबीपर्यंतचे व्हीएम बिनधास्त चढवतात. आता एक होस्ट बंद पडल्याची कल्पना करा. हायपरव्हायजरसाठी प्रत्येक होस्टवर ३२ जीबी राखून ठेवली तर वापरायला ४८० उरते. प्रत्येकावर ४५० जीबीचे व्हीएम चालू आहेत, म्हणजे उरलेल्या तीन होस्टवर मिळून ९० जीबी मोकळी आहे, आणि बेघर झालेल्या व्हीएमना ४५० जीबी हवी आहे. त्यातील बरेचसे सुरू होणारच नाहीत, किंवा सुरू झाले तर मेमरी डिस्कवर उतरू लागेल आणि धडधाकट व्हीएमही रांगू लागतील.

योग्य हिशेब असा: तीन होस्ट गुणिले ४८० म्हणजे १४४० जीबी, त्यातून दहा टक्के अचानक वाढीसाठी राखल्यास सुमारे १३०० जीबी. क्लस्टरची मेमरी तेवढीच आहे असे धरून चालावे. व्हीस्फिअरमध्ये अ‍ॅडमिशन कंट्रोल चालू ठेवला तर राखीव जागेवर हात टाकणारा व्हीएम सुरूच होत नाही. व्हीएम सुरू होत नाही म्हणून वैतागून हा पर्यायच बंद करणारे प्रशासक मी अनेक पाहिले आहेत. धुराची घंटा वाजते म्हणून तिची बॅटरी काढून ठेवण्यासारखा हा प्रकार आहे. मात्र एक सावधगिरी हवी: हा पर्याय व्हीएमला नेमून दिलेली मेमरी न मोजता त्याच्यासाठी हमखास राखून ठेवलेली मेमरी, म्हणजे आरक्षण, मोजतो. आरक्षणे केलेली नसतील तर तो चालू असूनही वरचा घोटाळा होऊ शकतो, तेव्हा १३०० चा आकडा स्वतःच पाळावा लागतो.

प्रोसेसरच्या बाबतीत थोडी सैल वाटणी चालते, कारण सगळे व्हीएम एकाच क्षणी पूर्ण ताकद मागत नाहीत. सर्वसाधारण कामाच्या व्हीएमसाठी एका खऱ्या कोरमागे चार आभासी कोर ही सुरुवात ठीक आहे. डेटाबेससाठी एकास एक किंवा फार तर एकास दोन. हायपर-थ्रेडिंगमुळे (एका कोरवर दोन धागे चालवण्याच्या सोयीमुळे) दिसणारे दुप्पट आकडे या गुणोत्तरात धरू नयेत, कारण दुसरा धागा म्हणजे दुसरा कोर नव्हे.

आणखी एक मर्यादा प्रोसेसरच्या रचनेत आहे. वरील होस्टवर प्रत्येक प्रोसेसरला स्वतःची २५६ जीबी मेमरी जोडलेली असते. शेजारच्या प्रोसेसरची मेमरी वापरता येते, पण तिथवर पोहोचायला जास्त वेळ लागतो. २० आभासी कोरचा किंवा ३०० जीबीचा व्हीएम दोन्ही प्रोसेसरवर पसरतो आणि कागदावर मोठा असूनही मंद वाटू शकतो. शक्य तोवर व्हीएम १६ कोर आणि २५६ जीबीच्या आतच बसवावा, तोही थोडी जागा सोडून.

सावधान: जुन्या सर्व्हरमध्ये १६ कोर होते म्हणून व्हीएमलाही १६ देऊ नका. पहिल्या टप्प्यातील नोंदी सांगतील तेवढेच द्या. नंतर वाढवणे सोपे असते; एकदा दिलेले काढून घेताना मात्र प्रत्येक विभाग भांडतो.

## टप्पा ३: होस्टची तयारी

हा टप्पा छोटा आहे. होस्टचे मॉडेल, नेटवर्क कार्ड आणि स्टोरेज कंट्रोलर हायपरव्हायजरच्या सुसंगततेच्या यादीत आहेत का ते खरेदीपूर्वी पाहावे. फर्मवेअर सर्व होस्टवर एकाच आवृत्तीचे करावे. युईएफआयमध्ये (सर्व्हर सुरू होताना चालणाऱ्या फर्मवेअरमध्ये) प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय, म्हणजे इंटेल व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही, चालू करावी, उपकरण थेट व्हीएमला द्यायचे असल्यास व्हीटी-डी किंवा एएमडी-व्हीआयसुद्धा, आणि वीजबचतीचा पर्याय कमाल कार्यक्षमतेवर ठेवावा.

क्लस्टरमध्ये इंटेल आणि एएमडी मिसळू नयेत, कारण चालू व्हीएम या दोहोंत हलवता येत नाही. एकाच कंपनीच्या दोन पिढ्या असतील तर पहिला व्हीएम तयार होण्याआधी सुसंगतता ठरवावी लागते: व्हीस्फिअरमध्ये ईव्हीसी, हायपर-व्हीत व्हीएमच्या प्रोसेसर सुसंगततेचा पर्याय, प्रॉक्समॉक्समध्ये सीपीयू प्रकार ‘होस्ट’ न ठेवता सर्वांना समान असणारा प्रकार. नंतर बदलायचे तर व्हीएम बंद करून पुन्हा सुरू करावे लागतात.

## टप्पा ४: नेटवर्क

व्यवस्थापन, चालू व्हीएमचे स्थलांतर, स्टोरेज आणि व्हीएमची स्वतःची वाहतूक हे चार प्रवाह वेगवेगळ्या व्हीलॅनवर (त्याच स्विचवर आखलेल्या वेगळ्या आभासी नेटवर्कवर) ठेवावेत. व्यवस्थापनाचा प्रवाह सामान्य वापरकर्त्यांच्या नेटवर्कमधून पोहोचता येईल असा कधीच नसावा. प्रत्येक प्रवाहाला दोन केबल, त्या दोन वेगळ्या स्विचमध्ये, आणि ते स्विच दोन वेगळ्या वीजमार्गांवर. दोन केबल एकाच स्विचमध्ये गेल्या असतील तर केबलचे पैसे वाया गेले, एवढेच म्हणता येईल.

वेग मोजून ठरवावा. १२८ जीबी मेमरीचा व्हीएम १ गिगाबिटच्या जोडणीवरून हलवायला निव्वळ गणिताने किमान १७ मिनिटे लागतात, आणि तेवढ्या वेळात त्याची मेमरी बदलत राहते म्हणून बदललेला भाग पुन्हा पाठवावा लागतो. व्यस्त डेटाबेसच्या बाबतीत हे स्थलांतर संपतच नाही असेही घडते. १० गिगाबिटला किमान मानावे.

तपासा, मोठी फ्रेम: स्टोरेजसाठी एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) ९००० ठेवले असेल तर होस्ट, स्विच आणि स्टोरेज तिन्हीकडे ते जुळले पाहिजे. खात्री करण्यासाठी पॅकेटचे तुकडे न करण्याचा पर्याय लावून ८९७२ बाइटचा पिंग (पोहोच तपासणारे पॅकेट) पाठवावा. पॅकेटवर चढणारे आयपीचे २० आणि पिंग वापरतो त्या आयसीएमपीचे ८ बाइट मिळवले की ९००० होतात. साध्या पिंगवर विसंबू नये. मधला एक पोर्ट १५०० वर राहिला तर छोटी पॅकेट जातात, जोडणी ठणठणीत दिसते आणि मोठे लेखन सुरू झाले की स्टोरेज अडकते.

तपासा, प्रत्येक व्हीलॅन: एक चाचणी व्हीएम करून तो प्रत्येक व्हीलॅनमध्ये ठेवून प्रत्येक होस्टवर फिरवावा. कंटाळवाणे काम आहे. पण एका स्विच पोर्टवर एक व्हीलॅन जोडायचा राहून जाणे ही मी पाहिलेली सर्वांत सामान्य चूक आहे, आणि ती उघडकीस येते ती मध्यरात्री व्हीएम नेमका त्या होस्टवर गेल्यावर.

## टप्पा ५: स्टोरेज

आयस्कझी (नेटवर्कवरून डिस्क वापरण्याची पद्धत) वापरत असल्यास दोन मार्ग दोन वेगळ्या सबनेटवर ठेवून मल्टिपाथिंग (दोन्ही मार्ग वापरण्याची सोय) लावावे. त्या केबल एकत्र बांधून एक जोडणी करण्याचा मोह टाळावा. डेटाबेसच्या लेखनासाठी रेड १० (डिस्कच्या जोड्यांवर डेटाच्या दोन प्रती ठेवणारी रचना) अजूनही निर्धास्त निवड आहे.

खरा धोका थिन डिस्कमध्ये असतो. ५०० जीबीची थिन डिस्क सुरुवातीला वापरली तेवढीच जागा घेते, म्हणून १० टीबीच्या डेटास्टोअरवर (व्हीएमच्या डिस्क जिथे राहतात त्या जागेवर) १८ टीबीचे वाटप सहज होऊन जाते. डेटास्टोअर पूर्ण भरला की त्याच्यावरील ज्या व्हीएमला लिहायचे आहे तो जागीच थांबतो, मग तो कितीही महत्त्वाचा असो. ७० टक्क्यांवर सूचना आणि ८० टक्क्यांवर नव्या व्हीएमला बंदी, असा माझा नियम आहे. ईएसएक्सआयमध्ये प्रत्येक चालू व्हीएमसाठी, आरक्षित केलेली मेमरी वजा जाता उरलेल्या मेमरीएवढी स्वॅप फाइलही (मेमरी अपुरी पडल्यास वापरायची फाइल) डेटास्टोअरवर तयार होते. ६४ जीबीचे दहा व्हीएम आरक्षणाशिवाय चालवले तर ६४० जीबी तिथेच जातात, आणि ही जागा कोणाच्याही तक्त्यात नसते.

## टप्पा ६: क्लस्टर उभा करा आणि मुद्दाम बिघाड घडवा

होस्ट एकमेकांना दिसेनासे झाले तर कोण जिवंत आहे हे मतांच्या बहुमताने ठरते. हायपर-व्ही आणि प्रॉक्समॉक्सच्या दोन होस्टच्या क्लस्टरला म्हणूनच तिसरे मत लागते: हायपर-व्हीत डिस्क, फाइल शेअर किंवा क्लाउडवरील विटनेस (साक्षीदार), प्रॉक्समॉक्समध्ये क्यूडिव्हाइस. हे तिसरे मत त्याच क्लस्टरमधील व्हीएमवर ठेवलेले मी दोनदा पाहिले आहे. ज्या होस्टच्या मृत्यूची ग्वाही द्यायची त्याच्याबरोबरच साक्षीदारही गेला, तर निवाडा कोण करणार?

त्यानंतर चाचणी. खऱ्या कामाचा एकही व्हीएम क्लस्टरवर नसताना पुढील गोष्टी याच क्रमाने कराव्यात आणि प्रत्येक वेळी घड्याळ लावून मिनिटे लिहावीत.

1. एका होस्टची वीज थेट काढा. मेनूतून बंद करणे ही चाचणी नव्हे.
2. स्टोरेजच्या दोन मार्गांपैकी एकाची केबल उपसा.
3. एक पूर्ण स्विच बंद करा.
4. व्यवस्थापनाचा सर्व्हर बंद ठेवून होस्टवर थेट प्रवेश करता येतो का ते पाहा.

पहिल्या चाचणीत व्हीएम दुसऱ्या होस्टवर नव्याने बूट होतात, जणू त्यांची वीज गेली होती. विभागप्रमुखांना ‘आता काहीच बंद पडणार नाही’ असे आश्वासन दिले असेल तर ते इथेच दुरुस्त करावे. चालू व्हीएम न थांबवता हलवणे वेगळे आणि होस्ट मेल्यावर व्हीएम पुन्हा सुरू होणे वेगळे. दोन डोमेन कंट्रोलर (विंडोज नेटवर्कमधील लॉगिन तपासणारे सर्व्हर) किंवा डेटाबेसच्या दोन प्रती एकाच होस्टवर येऊ नयेत असा नियमही आताच घालावा.

## टप्पा ७: बॅकअप, स्थलांतराच्या आधी

तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक जागेबाहेर, हा नियम सर्वांना पाठ असतो. तरीही बॅकअपची प्रत त्याच स्टोरेजच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेवलेली आढळते. बॅकअपचा सर्व्हर डोमेनमध्ये घेऊ नये, त्याचे पासवर्ड क्लस्टरच्या प्रशासकाच्या पासवर्डपेक्षा वेगळे असावेत आणि निदान एक प्रत ठरलेल्या मुदतीपर्यंत कोणालाच पुसता येणार नाही अशी असावी. डेटाबेसच्या व्हीएमसाठी विंडोजमध्ये व्हीएसएस (सुसंगत प्रत घेऊ देणारी सेवा), केव्हीएमवर गेस्ट एजंट (व्हीएमच्या आत चालणारा मदतनीस प्रोग्राम) चालू आहे याची खात्री करावी; नाहीतर बॅकअप वीज गेल्याच्या क्षणासारखा अर्धवट लेखनासह घेतला जातो.

तपासा: एक पूर्ण व्हीएम वेगळ्या, बंदिस्त नेटवर्कवर परत आणा आणि त्यातील प्रणालीत लॉगिन करून एक नोंद उघडा. ‘बॅकअप यशस्वी’ ही हिरवी खूण म्हणजे फाइल लिहिली गेली, इतकेच.

## टप्पा ८: स्थलांतर

सर्वांत कमी महत्त्वाच्या सर्व्हरपासून सुरुवात करावी, आणि पहिल्या आठवड्यात दोन-तीनच न्यावेत.

डोमेन कंट्रोलरची प्रत काढून तो व्हीएममध्ये रूपांतरित करू नका. नव्या व्हीएमवर ताजे विंडोज बसवून त्याला डोमेन कंट्रोलर करावे, भूमिका तिकडे न्याव्यात आणि जुना रीतसर निवृत्त करावा. कारण असे: प्रत्येक कंट्रोलर आपल्या बदलांना चढता क्रमांक देतो आणि इतर कंट्रोलर तो लक्षात ठेवतात. जुनी प्रत जिवंत झाली की तिचा क्रमांक मागे जातो, नव्या बदलांना जुनेच क्रमांक मिळतात आणि इतर कंट्रोलर ते ‘आधीच घेतलेले’ समजून सोडून देतात. विंडोज सर्व्हर २०१२ पासून व्हीएमची ओळख-खूण बदलल्यावरून कंट्रोलरला हे उमगते; पण भौतिक सर्व्हरवरून घेतलेल्या प्रतीला हे संरक्षण लाभत नाही.

विंडोज केव्हीएमवर नेताना व्हर्टआयओचे (केव्हीएमच्या आभासी उपकरणांचे) डिस्क ड्रायव्हर जुन्या सर्व्हरवरच आधी बसवावेत. ते न केल्यास व्हर्टआयओ डिस्कवर पहिल्याच बूटला डिस्क न सापडल्याची निळी पाटी येते.

अखेरची प्रत घेण्याआधी डेटाबेस आणि अ‍ॅप्लिकेशनच्या सेवा थांबवाव्यात. चालू असताना पहिली प्रत घेणे वेळ वाचवते, पण शेवटचा फरक सेवा थांबवूनच घ्यावा.

व्हीएम सुरू करण्याआधी जुन्या सर्व्हरची नेटवर्क केबल काढावी. दोन्ही एकदम चालू राहिले तर एकच आयपी दोघांकडे असतो आणि वापरकर्त्यांच्या नोंदी कधी इथे तर कधी तिथे पडतात. मग दोन डेटाबेस जुळवत बसण्याचे काम आठवडाभर पुरते. सुरू झाल्यावर जुन्या हार्डवेअरचे निगराणी एजंट आणि ड्रायव्हर काढावेत. विंडोजमध्ये लपलेले जुने नेटवर्क कार्डही काढावे. स्थिर आयपी त्याच्याच नावावर राहिलेला असतो.

सावधान: जुना सर्व्हर एक महिना तसाच ठेवा, केबल न लावता. त्या महिन्यात महिनाअखेर आलीच पाहिजे.

## टप्पा ९: रोजची निगा

स्नॅपशॉट. स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची गोठवलेली स्थिती) घेतल्यापासून सगळे लेखन वेगळ्या फाइलमध्ये जाते आणि ती फाइल वाढत राहते. मूळ डिस्क गेली तर त्या फाइलचा काहीच उपयोग नाही, म्हणून स्नॅपशॉट हा बॅकअप नव्हे. व्हीएमवेअरची सूचना एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त न ठेवण्याची आहे. एकदा मेल सर्व्हरवर अपडेटपूर्वी घेतलेला स्नॅपशॉट मीच पुसायला विसरलो. काही महिन्यांनी डेटास्टोअर रात्री भरला आणि मेलसोबत त्यावरचे इतर व्हीएमही थांबले. सकाळी घाईने पुसायला घेतला, तर एवढे सारे लेखन मूळ डिस्कमध्ये मिसळायला दिवस मावळला, आणि तोवर सगळेच मंद. तेव्हापासून स्नॅपशॉटच्या नावात घेणाऱ्याचे आद्याक्षर आणि पुसण्याची तारीख लिहिल्याशिवाय तो घ्यायचा नाही, असा आमचा नियम आहे.

व्हीएम मंद आहे ही तक्रार. पहिला विचार आभासी कोर वाढवण्याचा येतो, आणि गर्दीच्या होस्टवर त्याने दुखणे वाढते, कारण जास्त कोरच्या व्हीएमला रांगेत जास्त जागा धराव्या लागतात. व्हीस्फिअरमध्ये आधी सीपीयू रेडी (व्हीएमने प्रोसेसरसाठी रांगेत घालवलेला वेळ) पाहावा. तात्कालिक आलेखाचा काळ २० सेकंदांचा असतो. चार कोरच्या व्हीएमचा आकडा ४००० मिलिसेकंद दिसत असेल तर २०,००० ने भागून २० टक्के, आणि चार कोरमध्ये वाटून प्रत्येकी ५ टक्के. पाचच्या पुढे लक्ष ठेवावे. दहाच्या पुढे वापरकर्त्यांना जाणवतेच. अशा वेळी त्याच होस्टवरील सुस्त व्हीएमचे कोर कमी करणे हा उपाय असतो. रेडी कमी असून व्हीएम मंद असेल तर डिस्कची लेटन्सी (उत्तर द्यायला लागणारा वेळ) पाहावी. ती सतत २० मिलिसेकंदांच्या वर असेल तर प्रोसेसरला हात लावण्यात अर्थ नाही.

पॅच. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआयआर्ग्स या खंडणीखोर हल्ल्याने जगभरचे हजारो होस्ट बंद पाडले. ज्या त्रुटीचा त्यात उपयोग झाल्याचे त्या वेळी सांगण्यात आले, तिचा पॅच दोन वर्षे आधीच, फेब्रुवारी २०२१ मध्ये, उपलब्ध होता आणि होस्ट थेट इंटरनेटवर उघडे होते. एकेक होस्ट देखभालीच्या स्थितीत नेऊन पॅच लावावा. व्हीस्फिअरमध्ये आधी व्हीसेंटर (व्यवस्थापनाचा सर्व्हर), मग होस्ट, मग व्हीएममधील टूल्स, सर्वांत शेवटी व्हीएमची हार्डवेअर आवृत्ती. ईएसएक्सआय ७.० चा सर्वसाधारण सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. अजून त्यावर असाल तर हा टप्पा बाजूला ठेवून आधी नव्या आवृत्तीचे किंवा दुसऱ्या हायपरव्हायजरचे नियोजन करा.

बेवारस व्हीएम. दर तीन महिन्यांनी यादी काढून मालकांना विचारावे. उत्तर न आल्यास आधी नेटवर्क तोडावे, मग महिनाभर बंद ठेवावा, मगच पुसावा.

## टप्पा १०: सगळे बंद असताना सुरू करण्याचा क्रम

पूर्ण डेटा सेंटरची वीज जाऊन परत आली की गाठी दिसू लागतात. होस्टना स्टोरेज नावाने शोधायचे आहे, नाव सांगणारा डीएनएस त्या स्टोरेजवरील व्हीएममध्ये आहे. होस्टच्या लॉगिनला डोमेन हवे, डोमेन कंट्रोलर बंद आहे. पासवर्ड तिजोरीत आहेत, तिजोरीही व्हीएमच. म्हणून स्टोरेजचे पत्ते आयपीने द्यावेत, प्रत्येक होस्टवर स्थानिक खाते ठेवावे, एक डोमेन कंट्रोलर आणि डीएनएस क्लस्टरबाहेर असावा आणि वेळेचा एनटीपी स्रोतही व्हीएममध्ये नसावा.

सुरू करण्याचा क्रम: स्विच, स्टोरेज, होस्ट, डीएनएस व डोमेन, व्यवस्थापनाचा सर्व्हर, डेटाबेस, अ‍ॅप्लिकेशन. स्टोरेज पूर्ण तयार होण्याआधी होस्ट चालू केले तर डेटास्टोअर दिसत नाहीत आणि पुन्हा शोध घ्यावा लागतो. दहा मिनिटे थांबणे स्वस्त पडते. व्यवस्थापनाचा व्हीएम कोणत्या होस्टवर आहे हे ठाऊक नसेल तर प्रत्येक होस्टवर जाऊन शोधावा लागतो, म्हणून नियम लावून तो ठरलेल्या दोन होस्टपैकी एकावरच राहील असे करावे.

हा क्रम, सर्व आयपी पत्ते आणि ते दोन होस्ट कागदावर छापून रॅकच्या दारात आतल्या बाजूने लावावेत. पासवर्ड त्या कागदावर नकोत. ते बंद पाकिटात, दुसऱ्या कुलपात. कागदावर तारीख घालावी आणि होस्ट किंवा पत्ता बदलला की त्याच दिवशी नवा कागद लावून जुना फाडावा.